बकरमचं स्टेशन

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी तक्रार अशी, की मी माणसांबद्दल चार ओळी लिहितो आणि कागदी घरांबद्दल चार पानं. तर आधी माणसं उरकून टाकतो. मी बरा आहे. ही बरी आहे, फक्त गादीखाली ठेवलेल्या कागदांमुळे आपल्याला कूस बदलायची चोरी झाली आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. नकाशा कार्यालयात साहेब बदलले. नवे साहेब जुन्यांपेक्षा हळू बोलतात आणि काम दुप्पट देतात. झाली माणसं.

आता मुद्द्याचं. बंबखान्याचा कागद मिळाला. कोरा, न कापलेला, कोपरासुद्धा मुडपलेला नाही. लाल दारं इतकी ताजी आहेत की हात लावायची भीती वाटते.

परवा शेजारच्या टेबलावरचा सहकारी मला म्हणाला, चाळिशी आलेल्या माणसाने मुलांच्या मासिकातले कागद कसले गोळा करायचे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्या घरी किल्लीची आगगाडी होती, अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मोडक्या घड्याळांच्या चाकांतून स्वतः केलेली. त्या मासिकाबरोबर दर महिन्याला जाड कागदाचा एक ताव यायचा. त्यावर एका इमारतीच्या भिंती, छप्पर, दारं, खिडक्या छापलेल्या. कापायचं, दुमडायचं, चिकटवायचं, की रुळांशेजारी एक घर उभं. वर्षाचे बारा ताव, बारा घरांचं गाव. आईने आणि अण्णांनी मिळून ते उभं केलं, आणि आई गेल्यावर अण्णांनी गाव खोक्यांत भरून शाळेच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकलं. मी तेव्हा पाच वर्षांचा. एवढं ऐकल्यावर चहा त्यानेच मागवला.

ताई, आईचा चेहरा मला आठवत नाही, हे तुला ठाऊकच आहे. फोटोतला आठवतो, पण तो फोटोतला. मला आठवतं ते एवढंच, की मी गाव मांडलेल्या फळीवर हनुवटी टेकून बसलोय, स्टेशनचं दार बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आहे, आणि वरून एक हात येतो आणि दाराशी एक झाड ठेवतो. हात मनगटापर्यंतच. पुढे काही नाही. मी कितीदा तरी मान वर करून बघायचा प्रयत्न करतो.

असो. बारापैकी अकरा ताव जमले. राहिलं फक्त स्टेशन. ते मिळालं की उन्हाळ्याच्या रजेत सगळं घेऊन येतो आणि गाव अण्णांसमोर मांडतो. वरचा आणि हा, दोन्ही परिच्छेद त्यांना वाचून दाखवू नकोस. घरं जमवतोय तेही बोलू नकोस.

लोभ आहेच. कागदांवरून टोमणे मारून तो कमी करू नये.

तुझा,
भोंगा
(हे नाव आता तरी सोडावं, ही नम्र विनंती.)


२४ जानेवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

नाव सोडणार नाही. पाळण्यात असल्यापासून तू इंजिनाच्या भोंग्यासारखा रडायचास आणि ते उठून ऐकायचं काम माझ्याकडे होतं. तेवढा हक्क मी कमावला आहे.

परिच्छेद गाळ म्हणून सांगतोस, पण अण्णा काय ऐकायला नवखे आहेत? घड्याळ कानाशी धरून कुठे ठोका चुकतोय ते सांगणारा माणूस. मी मध्येच थांबले, तर लगेच म्हणाले, पान उलटलंस की गाळलंस? मी म्हटलं, ठसका लागला. म्हणाले, मग पाणी पी आणि पुढचं वाच. तुझं पत्र कागदी घरांनी भरलेलं, वाचू काय, कपाळ? शेवटी तुझ्या साहेबांबद्दल मनानेच चार वाक्यं रचून वाचली. तेव्हा पुढच्या पत्रात साहेब फार रागीट आहेत असं लिही, मी तसं सांगून बसले आहे.

आता हे नीट वाच. अण्णांनी दुकान बंद केलं.

डोळ्यांचं तुला मागे लिहिलं होतं, ते वाढलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मधोमध पडदा झिजत चाललाय. पुरता अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसट होत जाणार. अक्षर, सुई, घड्याळाची चाकं, माणसाचा चेहरा. मी औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून लोकांच्या हातात डोळ्यांचे थेंब ठेवते, आणि माझ्या वडिलांना देण्याजोगे थेंब कुठल्याच बाटलीत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी एका बाईंचं घड्याळ उघडलं, साफ केलं, जोडलं, आणि टेबलावर एक चाक उरलं. ते कितीतरी वेळ बोटाने ते चाक इकडेतिकडे सरकवत होते. मग घड्याळ चाकासकट पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात पाठवलं आणि यांना म्हणाले, शिडी आणा, पाटी उतरवायची आहे. यांनीही जरा आढेवेढे घेतले, पण अण्णा शिडी धरूनच उभे राहिले. पाटी आता पलंगाखाली आहे.

म्हणून म्हणते, उन्हाळा लांब आहे. आहेत ते अकरा ताव घेऊन ये, काप, चिकटव. रूळ आणि इंजिन माळ्यावर आहेत. गाडी अण्णांची होती, गाव आईचं होतं, म्हणून गाव गेलं आणि गाडी राहिली. किल्ली दिली की इंजिन अजून धावतं, मी बघितलं. स्टेशन नसलं तर नसू दे, गाडी न थांबता जाईल. त्यांना दिसतंय तोवर ये. त्यांना गाव बघायचं असेल की तुला, याचाही जरा विचार कर. तीन वर्षं झाली तुला येऊन. मला तुझी फार आठवण येते, हे लिहायला लाज कसली.

लोभ भरपूर आहे, तो येऊन घेऊन जावा.

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रजा विचारली. मिळाली नाही. अण्णांना सांग, साहेब रागीट आहेत, आता ते खोटं राहिलं नाही. पावसाळ्याआधी पुराचे नकाशे द्यायचे आहेत, त्यामुळे मे महिन्याआधी कुणी जागचं हलायचं नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले.

डोळ्यांचं वाचल्यापासून जेवण जात नाही. पण काप आणि चिकटव, हे तू किती सहज लिहितेस. हे कागद एकदा कापले की संपले, ताई. हे पुन्हा कुणी छापणार नाही. रविवारच्या जुन्या बाजारात मला यातलं सगळं शिकवलं ते म्हातारे गृहस्थ, ज्यांना मी बिनकात्रे म्हणतो, ते तर कात्री दिसली तर त्या घरात पाणीसुद्धा पिणार नाहीत. मला अण्णांना गाव दाखवायचं आहे ते पूर्ण, स्टेशनसकट. अर्धंमुर्धं दाखवून त्यांना काय वाटेल? आधीच एकदा सगळं गेलेलं आहे.

आणि स्टेशनची गंमत ऐक. परवाच्या रविवारी बिनकात्र्यांनी मला लांबूनच हात केला. स्टेशन आलंय म्हणाले. आणि त्यांनी खोक्यातून काढलं काय, तर कुणीतरी करून टाकलेलं स्टेशन. छप्पर एका अंगाला बसलेलं. तेही धड केलेलं नाही. तावावर प्रत्येक भिंतीच्या कडेला डिंक लावायला पांढरी पट्टी सोडलेली असते, ती दुमडून आत चिकटवायची असते. करणाऱ्याने त्या पट्ट्या कचरा समजून सगळ्याच्या सगळ्या कापून टाकल्या आहेत. मग भिंती कशाला जुळतात? म्हणून आतून कसल्याशा जाड कापडाची ठिगळं लावून त्या उभ्या केल्या आहेत. दर्शनी भिंतीवर घड्याळाच्या जागी डिंकाचा गोल डाग. बिनकात्रे म्हणाले, या धंद्यात केस पांढरे झाले, पण पट्ट्या कापणारा महाभाग पहिल्यांदाच बघतोय. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मी ते तिथेच ठेवून आलो.

एवढं मात्र अण्णांना जरूर वाचून दाखव, त्यांची करमणूक होईल. घरं जमवतोय हे कळलं तर कळू दे आता.

लोभ आहे तेवढा सध्या पुरवून वापरावा, मे महिन्यात भर घालतो.

तुझा,
भोंगा


२६ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,

आशीर्वाद मागाहून. आधी उठ आणि ते स्टेशन घेऊन ये.

तू सांगितलंस म्हणून वाचून दाखवलं. अण्णा हसले नाहीत. तो परिच्छेद पुन्हा वाच म्हणाले. वाचला. कापड कसलं लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जाड, बाकी काही लिहिलेलं नाही. मग म्हणाले, “ते बकरम असेल. विचार त्याला.”

तुला कुठून ठाऊक असणार. तू तेव्हा फळीखाली बसून रूळ चोखत होतास. आई शर्ट शिवायची. कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे कडक कापड घालतात ते बकरम, आणि त्याच्या उरलेल्या कातरणांचा डबा मशीनखाली असायचा. मासिकाबरोबर पहिला ताव आला तो पोस्ट ऑफिसचा. अण्णा दुकानात होते. आई म्हणाली, तुम्ही येईपर्यंत मी कापून ठेवते. तिला कागद म्हणजे कपड्याचा नमुना. नमुना कापायचा तो अगदी रेषेवर, शिवणीसाठी जागा सोडायची ती नंतर कापडावर. तिने रेषेवर कापलं, एवढं सुबक की मी बघत राहिले, आणि बाहेरचं पांढरं सगळं केरात टाकलं. अण्णा आले, भिंती हातात घेतल्या आणि म्हणाले, छान आहे, पण आता हे जोडायचं कशाने? आई आधी भिंतींकडे बघत राहिली, मग केराच्या डब्याकडे, आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना, म्हणून आतल्या खोलीत पळाली. बाहेर आली ती बकरमचा डबा घेऊनच. पोस्ट ऑफिस तसं उभं राहिलं, आणि पुढची सगळी घरंही तशीच. त्यावरून आम्ही तिला किती चिडवायचो.

आणि तो गोल डाग. छापलेलं घड्याळ अण्णांना पसंत नव्हतं. भिंतीवर कुणी खोटं घड्याळ लावतं का, म्हणायचे. त्यांनी बायकांच्या मनगटी घड्याळाची एक जुनी तबकडी त्यावर चिकटवली होती. काल तुझं पत्र झाल्यावर ते उठले, हत्यारांचा खण चाचपत उघडला, त्यातली एक डबी काढली आणि ती तबकडी माझ्या तळहातावर ठेवली. गाव देऊन टाकायच्या दिवशी तेवढी काढून घेतली असणार. मी याच घरात वावरते आणि मला पत्ता नव्हता. मला रडू आवरेना. ते म्हणाले, रडायला पुष्कळ वेळ आहे, आधी त्याला पत्र टाक.

पट्ट्या कापणारी दुसरी कुणी जगात असेलही. पण बकरमने जोडणारी आणि वर तबकडीचा डाग, असं दुसरं स्टेशन असेल असं मला वाटत नाही. तू आईच्या हातची वस्तू उचललीस, हसलास आणि खाली ठेवलीस, राजा. तुझ्याकडे काय दोष, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता जा. अण्णा आजपासूनच विचारू लागलेत, पोस्टमन येऊन गेला का.

आशीर्वाद ठेवलेले आहेत, स्टेशन हातात आल्याचं कळलं की पाठवते.

ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मिळालं.

एवढं एकच लिहून पत्र टाकणार होतो, पण तू माझी चामडी लोळवशील म्हणून सविस्तर लिहितो. पत्र आलं त्या दिवशी मंगळवार. बाजार रविवारी. मधले दिवस मी कसे काढले ते हिला विचार. कार्यालयात एका नदीचा काठ मी दोनदा उलट्या बाजूला रंगवला.

रविवारी बाजार उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. बिनकात्रे आले, आणि मी विचारलं तर म्हणाले, ते होय, ते कोण घेणार, देऊन टाकलं. कुणाला, तर त्यांना आठवेना. मी त्यांच्यावर ओरडलो, ताई. मी आजवर बाजारात कुणावर ओरडलो नव्हतो. मग त्यांना आठवलं, की दोन दुकानं सोडून सुईदोरा आणि बटणं विकणाऱ्या बाई बसतात, त्यांनी रिळं ठेवायला म्हणून मागून नेलं. मी धावत गेलो. स्टेशन त्यांच्या फळीवर छप्पर खाली करून ठेवलेलं, आणि आत निळी रिळं. त्यांना म्हटलं, हे आमच्या आईच्या हातचं आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि रिळं काढून घेतली. कसलं कापड आहे, असं मी विचारलं. त्यांनी बोट आत घालून बघितलं आणि म्हणाल्या, बकरम, आणि कापलंय मोठ्या चांगल्या हाताने.

मीही बोट आत घातलं. कोपऱ्याकोपऱ्यात पट्ट्या आहेत, प्रत्येक पट्टी बोटाने दाबून दाबून बसवलेली, आणि डिंक वाळताना तिचं बोट जिथे होतं तिथे अजून खळगा आहे. त्या खळग्यात माझं बोट बसलं. ताई, मला जो हात आठवतो ना, मनगटापर्यंतचा, तो हाच. मी तिथेच बाजारात खाली बसलो आणि रडलो. भोंग्यासारखाच, म्हणजे तुझं म्हणणं खरं झालं.

साहेबांना सांगितलं, रजा देत नसाल तर न घेता जातो. ते नेहमीपेक्षाही हळू आवाजात बरं म्हणाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघतो. स्टेशन मांडीवर घेऊन येणार, आणि अकरा तावही आणणार. बिनकात्र्यांनी विचारलं, त्यांचं काय करणार. मी म्हटलं, कापणार, आणि पांढऱ्या पट्ट्याही कापणार. त्यांनी खुर्चीचा आधार घेतला.

अण्णांना माझा नमस्कार सांग. काही न गाळता सगळं वाचून दाखव. तबकडी डबीतून काढून ठेव.

लोभ आता पत्रात ठेवू नये, स्टेशनवर घेऊन यावा.

तुझा,
भोंगा


५ मे

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहितोय. ताईने फूटपट्टी दिली आहे, ती ओळीखाली धरायची आणि खाली सरकवत न्यायची. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सोडवून वाच. तिने विचारलं, मी लिहून देऊ का? मी म्हटलं, तू गाळतेस.

तू गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतं. रूळ काढू दिलेले नाहीत. जावयांना वळसा घालून जेवायला बसावं लागतं, पण बिचारे बोलत नाहीत. गाडी रोज सकाळी एकदा सोडतो. स्टेशनपाशी आली की किल्ली संपेल एवढीच किल्ली देतो. आता अंदाज आलाय.

डोळ्यांचं म्हणशील तर सरळ बघितलं की स्टेशन जातं आणि नुसती फळी राहते. जरा बाजूला, तू दाराशी ठेवून गेलास त्या झाडाकडे बघितलं, की कडेला स्टेशन येऊन उभं राहतं, तबकडीसकट. तुझा चेहराही मी तसाच बघितला. आठवडाभर तुला वाटलं असेल, अण्णा खिडकीकडे तोंड करून का बोलतात. मी तुलाच बघत होतो. कपाळ तिचं आहे तुझं. हे तुला आधी कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो.

पोस्ट ऑफिसचा ताव कापताना पहिल्या पट्टीशी तू थांबलास, ते मला कात्रीच्या आवाजावरून कळलं. पण कापलीस. चांगलं केलंस. बाकीचे दहा ताव तू इथेच ठेवून गेलास, ते माझ्या गादीखाली आहेत. सूनबाईंना सांग, आता खुशाल कूस बदला.

एक गोष्ट तुम्हा दोघांना ठाऊक नाही. पट्ट्या कापल्या म्हणून तुम्ही पोरं आईला हसायचा आणि ती हसू द्यायची. चूक झाली ती फक्त पोस्ट ऑफिसच्या वेळी. पुढचा ताव आला, तेव्हा मी तिला नीट समजावून सांगितलं, की ही पांढरी पट्टी ठेवायची, दुमडायची, म्हणजे एकट्या माणसाला घर जोडता येतं, मी दुकानात गिऱ्हाईक नसताना करून आणीन. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कात्री घेतली आणि माझ्यासमोर एकेक पट्टी कापून टाकली. मी म्हटलं, अगं, हे काय. तर म्हणाली, “बकरमचं घर एकट्याने होत नाही. एकाने भिंती धरायच्या आणि दुसऱ्याने पट्टी दाबायची. आता तुम्हाला संध्याकाळी घरी यावंच लागेल.”

मी त्या वर्षी रोज दिवेलागणीला घरी आलो. बारा घरं होईपर्यंत आलो. गाव देऊन टाकलं ते याचसाठी, ती घरं मला एकट्याला बघवेनात.

दहा ताव आहेत. एका रजेत होणार नाहीत, आणि घाईने करूही नयेत. डिंक वाळेपर्यंत बसावं लागतं. ताई म्हणाली ती आणि मी करू, पण मी नको म्हटलं, तुझ्यासाठी ठेवले आहेत. बकरम आणून ठेवलंय. तू रजा मिळेल तेव्हा ये, पट्ट्या सगळ्या काप, एकही ठेवू नकोस. भिंती मी धरतो, धरायला डोळे लागत नाहीत. दाबायला तू ये.

लोभ आहेच, तो इथे येऊन मोजून घ्यावा.

अण्णा